मेनान्द्रोसचा मिलिंद कसा झाला

बाळाच्या नावांच्या पुस्तकात 'मिलिंद' शोधलं, तर समोर बहुतेक वेळा एकच अर्थ छापलेला असतो: भुंगा. तो चूक नाही. उत्तरकालीन संस्कृत काव्यात कमळाभोवती घुटमळणारा मिलिंद खरोखर भेटतो. पण 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारून भंडावून सोडणारा मिलिंद वेगळा. तो राजा होता, ग्रीक होता, आणि त्याचं नाव होतं मेनान्द्रोस. भुंग्याचा आणि त्याचा संबंध जोडायला काही आधार नाही; दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द एकाच उच्चारावर येऊन थांबले, एवढंच.

मेनान्द्रोस इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या मध्याला आजचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि पंजाबचा काही भाग राखून होता. राजधानी सागल, म्हणजे बहुधा आजचं सियालकोट. अलेक्झांडर भारताच्या सीमेवरून परत गेला त्याला तेव्हा दीडशेहून जास्त वर्षं उलटली होती. बाख्त्रियात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाच्या बाजूला, स्थायिक झालेल्या ग्रीकांच्या पुढच्या पिढ्या हिंदुकुश ओलांडून इकडे आल्या होत्या. भूगोलकार स्ट्रॅबो एका जुन्या लेखकाचा हवाला देऊन सांगतो की या ग्रीकांनी, विशेषतः मेनान्द्रोसनं, अलेक्झांडरपेक्षा जास्त जमाती जिंकल्या. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की तो छावणीत वारला आणि त्याच्या रक्षेसाठी शहरांमध्ये भांडण लागलं. शेवटी सगळ्यांनी ती वाटून घेतली आणि आपापल्या ठिकाणी स्मारकं बांधली. बुद्धाच्या अस्थींची कथा माहीत असलेल्याला हे वाचताना थबकायला होतं.

आपल्या बाजूचा एक धागाही आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्यात बॅरिगाझा, म्हणजे भडोच, इथं मेनान्द्रोसची ग्रीक अक्षरांची जुनी नाणी अजून चालतात, अशी नोंद आहे. याच भडोचला पैठण आणि तेरहून गाड्या भरून माल यायचा, हेही तो सांगतो. म्हणजे राजा जाऊन दोनेकशे वर्षं झाली तरी त्याचं नाव बाजारात हातोहात फिरत होतं.

आता नावाकडे येऊ.

ग्रीक लोकांची नावं साधारणपणे दोन तुकड्यांची असत. फिलिप्पोस म्हणजे घोडे आवडणारा, लेउकिप्पोस म्हणजे पांढऱ्या घोड्यांचा. संस्कृतातल्या बृहदश्व, श्वेताश्व या नावांची बांधणी हीच आहे, आणि ग्रीक 'हिप्पोस' व संस्कृत 'अश्व' हे तर सख्खे भाऊ. नावं अशी जोडून करण्याची रीत ग्रीक आणि वैदिक दोघांनाही एकाच पूर्वज भाषेकडून मिळाली.

मेनान्द्रोस हे 'मेन' आणि 'आन्द्र' यांचं जोडनाव. शेवटचं 'ओस' हा फक्त प्रथमेचा प्रत्यय. संस्कृतात 'देव' शब्दाचं 'देवः' होतं, तिथला विसर्ग मुळात 'स्' आहे. ग्रीक 'ओस' म्हणजे तोच 'अस्'.

या जोडनावाची एक गंमत अशी की त्यात क्रियापद आधी येतं आणि कर्म नंतर. आपल्याला 'नररक्षक', 'शत्रुघ्न' अशी कर्म आधी असलेली नावं ओळखीची. पण वेदांत उलट्या क्रमाची नावंही आहेत. भरद्वाज म्हणजे वाज, अर्थात बळ किंवा धन, वाहून आणणारा. त्रसदस्यु म्हणजे दस्यूंना थरकाप भरवणारा. या दोन ऋषी-राजांच्या नावांची बांधणी आणि मेनान्द्रोसची बांधणी एकाच साच्यातली.

पहिला तुकडा 'मेन'. ग्रीकमध्ये 'मेनो' म्हणजे मी थांबतो, टिकून राहतो. युद्धाच्या वर्णनात या क्रियापदाला खास धार येते: शत्रू अंगावर येत असताना जागचा न हलणारा. म्हणून मेनान्द्रोस म्हणजे माणसांसमोर, म्हणजे चालून आलेल्या वीरांसमोर, पाय रोवून उभा राहणारा. हाच धातू लॅटिनमध्ये 'मानेरे' होऊन गेला आणि त्यातून आपल्या रोजच्या बोलण्यात 'पर्मनंट' येऊन बसला आहे. पर्मनंट नोकरीतला 'मन' आणि मेनान्द्रोसमधला 'मेन' हे एकाच धातूचे.

दुसरीही एक व्युत्पत्ती सुचवली जाते. ग्रीकमध्ये 'मेनोस' असा शब्द आहे. अर्थ जोश, तडफ. तो आणि संस्कृत 'मनस्' हे अक्षरशः एकच. नावातलं 'मेन' इथून आलं असेल तर अर्थ होईल 'वीरांचा जोश असलेला'. नावाच्या घडणीकडे पाहता बहुतेक अभ्यासक पहिल्या अर्थाकडे झुकतात. मलाही तोच पटतो, कारण 'लोकांसमोर टिकणारा' अशा अर्थाचं मेनेलाओस हे नाव त्याच्या शेजारी अगदी फिट बसतं. अर्थात आईबाप नाव ठेवताना व्याकरण उघडून बसत नाहीत. ऐकणाऱ्याच्या कानात दोन्ही अर्थ घुमत असतील तर नाव ठेवणाऱ्याचं नुकसान काहीच नाही.

दुसरा तुकडा 'आन्द्र', आणि खरी मजा इथे आहे. ग्रीकमध्ये पुरुष म्हणजे 'आनेर', आणि षष्ठीत 'आन्द्रोस'. हा आपला 'नर' आहे. पण मग सुरुवातीचा 'आ' कुठून आला, आणि मधला 'द' कोणी घातला?

'आ'चं उत्तर वेदात दडलेलं आहे. गीतेतलं 'अहं वैश्वानरो भूत्वा' अनेकांना जेवणाआधी म्हणायची सवय असते. त्यातला 'वैश्वानर' हा मुळात वेदातला शब्द, 'विश्वानर'वरून आलेला. 'विश्व' आणि 'नर' मिळून 'विश्वनर' व्हायला हवं, पण झालं 'विश्वानर'. मधला स्वर लांबला का? पाणिनीच्या लक्षात हे आलं होतं. त्यानं नियमच देऊन टाकला की विशेषनाम असेल तर 'नर'च्या आधीचा स्वर दीर्घ करा. कारण मात्र दोन हजारांहून जास्त वर्षांनी भाषाशास्त्रज्ञांनी दिलं. मूळ पूर्वज भाषेत 'नर' शब्दाच्या तोंडाशी घशातून येणारं एक व्यंजन होतं. संस्कृतात ते गळून पडलं, पण जाता जाता आधीच्या स्वराला लांबवून गेलं. ग्रीकमध्ये त्याच व्यंजनाचा 'आ' झाला. वैश्वानरातला दीर्घ 'आ' आणि मेनान्द्रोसमधला 'आ' या एकाच हरवलेल्या ध्वनीच्या दोन खुणा आहेत.

'द'चं उत्तर त्याहून सोपं. 'न्र' असं जोडाक्षर सावकाश म्हणून पाहा. 'न' म्हणताना जीभ दातांमागे टेकलेली असते आणि हवा नाकातून जात असते. 'र'कडे जाताना नाकाची वाट क्षणभर आधी बंद झाली, तर जीभ अजून टेकलेलीच असल्यामुळे मध्येच 'द' फुटतो. मुद्दाम कोणी तो घालत नाही. 'वानर'चं बोलीत 'वांदर' झालं ते असंच. हिंदीतला बंदरही तिथलाच. ग्रीकांचा 'आन्रोस' म्हणून 'आन्द्रोस' झाला. अर्थाच्या दृष्टीनं या 'द'ला काहीही अस्तित्व नाही.

हे लक्षात ठेवा, कारण मिलिंदमध्ये तोच 'द' उरला आहे. 'नर'मधला 'र' गेला, 'न' अनुस्वारात जाऊन बसला, आणि आगंतुक 'द' मात्र नावाच्या शेवटी ठाण मांडून बसला.

उच्चाराचा मुद्दा थोडा बारकाईनं पाहावा लागेल, कारण मराठीत हे नाव मिनँडर, मिनांडर, मेनांडर असं वाटेल तसं छापलं जातं आणि यातलं एकही त्या राजाला ओळखू आलं नसतं.

पहिला स्वर ह्रस्व 'ए'. कन्नड-तेलुगूत ह्रस्व 'ए'ला वेगळं अक्षर आहे, आपल्याकडे नाही. 'मे' लिहून तो आखूड म्हणायचा. दुसरा स्वर 'आ'च्या रंगाचा पण 'अ'इतका आखूड. मराठी 'अ' लिहिला तर रंग चुकतो, 'आ' लिहिला तर लांबी चुकते. मी 'मेनान्द्रोस' लिहितो, कारण रंग चुकण्यापेक्षा लांबी चुकलेली बरी. शेवटचा 'ओ'ही ह्रस्व. 'द' अगदी आपल्या 'दगड'मधला दंत्य. 'डगर'मधला 'ड' नव्हे. 'ड' आला तो इंग्रजीमार्फत. इंग्रजांचा उच्चार दातांपासून थोडा वर हिरडीवर होतो आणि आपल्या कानाला तो 'ड'सारखा लागतो. ग्रीकांनी हे नाव थेट सांगितलं असतं तर आपण कधीच 'ड' लिहिला नसता. याचा पुरावा पुढे येतोच आहे.

आता आघात. प्राचीन ग्रीकमध्ये तो जोर देऊन नव्हे, तर सूर चढवून व्हायचा. ज्याला वेदपठणातला उदात्त माहीत आहे, त्याला वेगळं समजावायला नको. ग्रीकांचा चढा सूर आणि वैदिक उदात्त मुळात एकच आहेत. 'पातेर' आणि 'पिता' दोन्हींत सूर शेवटच्या अक्षरावर. 'पाय' या अर्थाच्या शब्दाची षष्ठी ग्रीकमध्ये 'पोदोस', वेदात 'पदस्', आणि दोन्हींत सूर पुन्हा शेवटीच. इ.स.पू. पहिल्या शतकातला दिओनिसिओस नावाचा वक्तृत्वाचा शिक्षक लिहितो की बोलण्यातला हा चढउतार साधारण पंचमाच्या अंतराएवढा असतो. आपल्या भाषेत, 'सा'पासून 'प'पर्यंत. हे पाठ्यपुस्तकी माप आहे, प्रत्येक वाक्यात कोणी इतका उंच जात नसणार. पण ग्रीक भाषा कानाला किती सुरेल लागत असेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

मेनान्द्रोसमध्ये सूर पहिल्या अक्षरावर चढतो: 'मे' उंच, पुढची दोन खाली. नियम असा की सूर शेवटून तिसऱ्या अक्षराच्या मागे जाऊ शकत नाही, आणि शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याला एक पाऊल पुढे यावं लागतं. म्हणून 'मेनान्द्रोसचा' या अर्थी षष्ठी केली की 'मेनान्द्रू' होतं; शेवटचा 'ऊ' दीर्घ, त्यामुळे सूर 'मे'वरून उतरून 'नान्'वर येतो. एकच माणूस, पण विभक्ती बदलली की त्याच्या नावाची चाल बदलते.

रोमन लोकांनी हे नाव घेतलं तेव्हा दोन गोष्टी बदलल्या. लॅटिनमध्ये 'रोस'नं संपणारे शब्द आपला 'ओस' टाकून 'एर' धारण करत. शेत या अर्थाचा ग्रीक 'आग्रोस' लॅटिनमध्ये 'आगेर' आहे. संस्कृतातला 'अज्र' त्याच घरातला. तसंच आलेक्सान्द्रोसचा अलेक्झांडर झाला आणि मेनान्द्रोसचा मेनान्देर. शिवाय लॅटिनचा नियम म्हणतो की शेवटून दुसरं अक्षर जड असेल तर आघात त्याच्यावर. 'नान्' जोडाक्षरामुळे जड, म्हणून आघात तिथे. इंग्रजांनी लॅटिनकडून उचललं, 'मे' आघाताविना राहिल्यामुळे त्याचा 'मि' झाला, आणि 'मिनँडर' तयार झालं. आपल्या पुस्तकांत आला तो हा तिसऱ्या हातचा माल.

प्राचीन माणसं कशी बोलत हे आज कसं कळतं, हा प्रश्न कोणीही विचारेल. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या क्रातिनोस या अथेन्सच्या विनोदी नाटककाराच्या एका ओळीत मेंढी ओरडते. त्यानं लिहिलेली अक्षरं आजचा ग्रीक माणूस 'वी वी' अशी वाचेल. मेंढ्या 'वी वी' करत नाहीत. तेव्हा ती अक्षरं 'बे बे' अशीच वाचली जात असणार. जुन्या आणि नव्या ग्रीक उच्चारांतला फरक युरोपात ठासून मांडला तो डच विद्वान इरॅस्मसनं, 1528 साली, अस्वल आणि सिंह यांच्या संवादाच्या रूपात.

पण आपल्याजवळ याहून चांगला साक्षीदार आहे, तो म्हणजे भारतात पाडलेली नाणी. इंडो-ग्रीक राजांच्या नाण्याच्या एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला बहुधा खरोष्ठी या वायव्य भारतातल्या जुन्या लिपीतलं प्राकृत असे. ग्रीक नाव ऐकून भारतीय लेखनिकानं आपल्या लिपीत कोणतं अक्षर निवडलं, हे तिथं कोरून ठेवलेलं आहे. थेओफिलोस राजाचं नाव खरोष्ठीत 'थेउफिल' आहे, फिलोक्सेनोसचं 'फिलसिन'. खरोष्ठीत त/थ आणि प/फ वेगळे असतात आणि तिथं 'थ' आणि 'फ' लिहिले आहेत. म्हणजे ग्रीकांचे ते ध्वनी 'थाळी' आणि 'फणस'मधले होते. इंग्रजी 'फॅन'सारखा ओठ-दातांचा ध्वनी ग्रीकमध्ये नंतर आला. युरोपीय विद्वानांना हे सिद्ध करायला बराच खल करावा लागतो; मराठी वाचकाला नाणं दाखवलं की पुरे.

मेनान्द्रोसच्या नाण्यावर ग्रीक बाजूला असतं 'बासिलेओस सोतेरोस मेनान्द्रू'. दुसऱ्या बाजूला खरोष्ठीत 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. खरोष्ठीत दीर्घ स्वराची खूण नसते, म्हणून 'महाराज' आणि 'त्रातार' असे ह्रस्व दिसतात. दोन्हींचा अर्थ एकच: तारणहार महाराज मेनान्द्रोसचं नाणं. पदव्यांचं लेखनिकानं चक्क भाषांतर केलं. 'सोतेर' म्हणजे तारणारा, म्हणून 'त्रातार'. नावाचं मात्र भाषांतर केलं नाही, कानाला आलं तसं लिहिलं. ग्रीक 'ओस' काढला, प्राकृत षष्ठीचा 'स' जोडला, आणि मध्ये 'द' लिहिला, 'ड' नव्हे. वर म्हटलेला पुरावा तो हा.

याच नावानं खरोष्ठी वाचायलाही मदत केली. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतून पळालेला आणि चार्ल्स मॅसन असं खोटं नाव घेऊन अफगाणिस्तानात नाणी गोळा करत हिंडणारा एक माणूस होता. ग्रीक बाजूवर 'मेनान्द्रू' असेल तेव्हा दुसऱ्या बाजूवर अमुक चिन्हं येतात, हे त्यानं हेरलं आणि कोलकात्याला जुन्या लिपींचा अभ्यासक जेम्स प्रिन्सेप याला कळवलं. 1830च्या दशकात प्रिन्सेपनं त्यावरून अक्षरं सोडवायला घेतली. पळपुट्या शिपायाकडून आलेला धागा पुढे नेताना त्यानं श्रेय मोकळेपणानं दिलं, हे त्या काळच्या साहेबाच्या मानानं विशेषच.

नाण्यावरच्या 'मेनंद्र'पासून 'मिलिंद'पर्यंतचा प्रवास लांब वाटतो, पण त्यातलं प्रत्येक पाऊल मराठी माणसाच्या ओळखीचं आहे.

शेवटचा 'द्र' पालीत 'द' होतो. चंद्राचा चांद आणि हरिद्रेची हळद झाली, तसंच हे.

'न'चा 'ल' कसा झाला? एका शब्दात अनुनासिकांची गर्दी झाली की जीभ त्यातलं एक बदलून टाकते. मेनंद्रमध्ये 'म', 'न' आणि पुन्हा 'न' असे तिघे ओळीनं आहेत. संस्कृत 'निंब' मराठीत 'लिंब' झाला, म्हणून आपण कडुलिंब म्हणतो. 'नवनीत' दोन 'न' घेऊन निघालं आणि 'लोणी' होऊन पोचलं. उलट दिशेनंही हे घडतं: दोन 'ल' असलेल्या 'लांगल'चा 'नांगर' झाला. तेव्हा मधल्या 'न'च्या जागी 'ल' येणं हा अपघात नव्हे, सवय आहे.

उरला स्वर. 'अंद्र'चा 'इंद' होण्यामागे बहुधा इंद्राचा हात आहे. पालीत इंद म्हणजे इंद्र, आणि इंदनं संपणारी नावं राजेमहाराजांना शोभून दिसत. अशोकाचा मुलगा महेंद्र पालीत महिंद आहे. परक्या राजाचं कानाला अनोळखी नाव आपल्या ओळखीच्या साच्यात ओढून घेणं ही भाषेची जुनी खोड. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्र कवीनं तर हे नाव 'मिलिन्द्र' असंच लिहिलं आहे; तिथं इंद्र उघडच दिसतो. पाकिस्तानातल्या बाजौरला सापडलेल्या एका अस्थिकरंड्यावर 'मिनेद्र' असं मधलं रूप वाचलं गेलं आहे, मात्र तो भाग अस्सल आहे का याबद्दल काही अभ्यासकांना शंका आहे. नागसेनाच्या संवादाच्या चिनी भाषांतरात राजाचं नाव 'मि-लान' आहे. 'ल' तिथंही पोचलेला.

ग्रीकांनी आपल्या नावांचं काय केलं, हेही न्यायासाठी सांगायला हवं. चंद्रगुप्ताचं त्यांनी सान्द्रोकोत्तोस केलं. इंग्रज संस्कृत-पंडित विल्यम जोन्सला 1793 साली ही ओळख पटेपर्यंत भारताच्या प्राचीन इतिहासाला पक्की तारीख नव्हती.

'आन्द्र' असलेलं दुसरं नाव भारतात वेगळ्याच वाटेनं फिरलं, म्हणून थोडं विषयांतर करतो. आलेक्सान्द्रोसमधला 'आलेक्स' म्हणजे राखणं, परतवून लावणं. तो संस्कृत 'रक्ष्'चा भाऊ. म्हणजे अलेक्झांडर अक्षरशः 'नररक्षक'. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात समकालीन ग्रीक राजांच्या यादीत हे नाव येतं: शाहबाजगढीला 'अलिकसुदरो', कालसीला 'अलिक्यषुदले'. हा जगज्जेता अलेक्झांडर नव्हे. त्याच्यानंतरचा, एपिरस किंवा कोरिंथचा कोणी राजा. पुढे अरबांनी हे नाव ऐकलं तेव्हा सुरुवातीचा 'अल' त्यांना आपल्या भाषेतला उपपद वाटला, 'क्स'ची उलटापालट होऊन 'स्क' झालं, आणि इस्कंदर जन्मला. त्याचा सिकंदर झाला, आणि हैदराबादच्या निजाम सिकंदर जाहच्या नावानं सिकंदराबाद. अधूनमधून कोणीतरी सांगतं की आपला स्कंद हा इस्कंदरवरून आला. ते शक्य नाही. स्कंदाचं नाव छांदोग्य उपनिषदात आहे, आणि 'अल' गळलेलं ते अरबी रूप कितीतरी शतकांनंतरचं. मिलिंदाच्या कथेतही अलेक्झांडर डोकावतो: तो आपलं जन्मस्थान 'अलसंद' सांगतो, म्हणजे अलेक्झांड्रिया नावाचं एखादं शहर.

ज्या ग्रंथामुळे हे नाव टिकलं, त्यातल्या राजा-भिक्षू संवादाची सुरुवातच नावाच्या प्रश्नानं होते. राजा भिक्षूला नाव विचारतो. भिक्षू म्हणतो, मला नागसेन म्हणतात, पण ते केवळ व्यवहारापुरतं संबोधन. त्यामागे असा कोणी वेगळा पुद्गल, म्हणजे स्वतंत्र व्यक्ती, सापडत नाही. मग रथाचा प्रसिद्ध दृष्टांत येतो: चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, मग रथ कुठे आहे? 'वीरांसमोर पाय रोवून उभा राहणारा' या नावाच्या राजाला या वादात एकेक पाऊल मागे घ्यावं लागतं, हे संवाद रचणाऱ्याला बहुधा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्यानं त्यावर नक्की कोटी केली असती.

हा पाली ग्रंथ श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंडात जपला गेला. भारतात तो परत आला आधुनिक काळात. 1950 साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज काढलं. ते मिलिंद महाविद्यालय आणि तो परिसर नागसेनवन. शंका विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्षू यांची नावं शिक्षणाच्या जागेला देण्यामागे काय विचार असेल, हे फोड करून सांगायची गरज नाही.

राहिला प्रश्न मराठीत लिहायचं काय, याचा. माझं मत सरळ आहे. राजाबद्दल लिहिताना एकदा 'मेनान्द्रोस' लिहावं आणि पुढे खुशाल मिलिंद म्हणावं. दोन्हींना आधार आहे, एकाला ग्रीकांचा आणि दुसऱ्याला पालीचा. मिनँडरला आधार फक्त इंग्रजीचा. याच नावाचा अथेन्सचा नाटककार आहे, इ.स.पू. चौथ्या शतकातला, त्याला मिलिंद म्हणता येणार नाही, त्याला मेनान्द्रोसच म्हणावं. आणि आजच्या ग्रीसमध्ये या नावाचा माणूस भेटलाच, तर जोर 'मे'वर द्यायचा. तो अजून तिथेच आहे, फक्त सूर जाऊन जोर उरला. 'द' मात्र आता इंग्रजी 'दॅट'च्या सुरुवातीसारखा, जिभेचं टोक दातांमध्ये धरून. हाक मारायची असेल तर शेवटचा 'ओस' काढून 'ए' लावायचा: मेनान्द्रे! ग्रीक संबोधन असंच होतं, जसं मराठीत मिलिंदचं 'मिलिंदा' होतं.